हाजींच्या घरची कॉफी

दुबई,
शुक्रवार, दुपारची नमाज आणि जेवण दोन्ही आटोपल्यावर

परम आदरणीय, आमच्या घराण्याचे वडीलधारे, अल ऐनच्या खजूरबागेचे आणि कटकट्या सांडण्यांचे मालक श्री. बुत्तीदादा यांना धाकट्या गानिमचा नाकाला नाक लावून सलाम.

(इथवर 'यांना' झालं. पुढे 'तू'च म्हणतो. जन्मात एकदाच तुला 'तुम्ही' म्हटलं होतं, तेही वडिलांच्या धाकाने, आणि तेव्हा सगळ्यांत आधी तूच फिसकन हसलास.)

तुझा गुडघा कसा आहे? साखर वाढल्यावर डॉक्टरांनी खजूर कमी करायला सांगितले होते, ते केलेस का? केले नाहीस हे मला माहीत आहे, पण विचारायची रीत आहे. वहिनींची तब्येत बरी असेल. तुझ्या लाडक्या घझाला सांडणीचा खोकला थांबला का? ती पशुवैद्य मुलगी अजून येते का तिला बघायला? (वहिनींच्या नंतर सांडणीची चौकशी केली आहे हे वहिनींना आवर्जून दाखव. मागच्या वेळी उलट झालं होतं.) माझं ठीक चाललं आहे. नवे दात बसवले. घास चावता येतो, पण घाईने बोललो की मधूनच शिटी वाजते आणि शेजारचा कुत्रा धावत येतो.

फोन करायचा सोडून हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. दादा, तू कानातलं यंत्र टेबलाच्या खणात ठेवतोस आणि फोनवर कोणी काहीही म्हटलं की 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणतोस. मागे मी तुला सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरातला पाइप फुटून गालिचे तरंगतायत, तर तू म्हणालास, अल्हम्दुलिल्लाह, जणू देवाने कृपाच केली. आज मला जे सांगायचं आहे त्यावर असं उत्तर मिळालं तर मी ते होकार म्हणून खिशात घालीन, आणि मग तुझ्यावर अन्याय होईल. म्हणून लिहितो आहे, आणि माणसाच्या हाती पाठवतो आहे. आणणाऱ्याला बैठकीत बसव, त्याच्यापुढे कॉफी ठेव, आणि मग निवांत वाच. मध्येच बागेला पाणी सोडायला उठू नकोस.

गोष्ट अशी की माझा शब्द दोन ठिकाणी अडकला आहे. पहिला तुला दिलेला. माझा मुलगा सैफ गेला तेव्हा त्याची अफ्रा पाळण्यात होती. तू अल ऐनहून आलास, पाळण्याची दोरी हातात घेतलीस आणि म्हणालास, 'गानिम, काळजी करू नकोस, ही माझ्या नातवाची, हारिबची.' मी हो म्हणालो. तेव्हा त्या एका वाक्याने मला किती आधार वाटला होता हे मी तुला कधी बोललो नाही, आज लिहितो. दुसरा शब्द मी गेल्या मंगळवारी दिला. तोही अफ्राचाच. शब्द दोन, मुलगी एक. आता तू ओरडला असशील. ओरड. वहिनी पाणी आणतील. ते पी आणि पुढे वाच, कारण यात माझी चूक आहे की नाही हे मलाही अजून कळलेलं नाही, आणि तुझ्याइतका कडक पंच दुसरा मिळायचा नाही.

अफ्रा खाडीकाठच्या आपल्या जुन्या मोहल्ल्यात नोकरी करते, हे तुला माहीतच आहे. परदेशी पाहुण्यांना ती आपलं लहानपण दाखवते. (आपलं लहानपण तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. परीक्षा देऊन पास झाली आहे त्यात.) कधीपासून मागे लागली होती, 'आजोबा, एकदा या तरी.' मी टाळत होतो. त्या गल्लीतल्या माशा आणि घाम यांतून सुटायला आपल्याला जन्म गेला, आता तिकडे मुद्दाम कोण जातो? पण खरं सांगू? आत कुतूहल होतंच. गावाबाहेर काचेचे एवढे मनोरे उभे राहिले, ते पाहायला मी कधी मान वर केली नाही, पण त्या गल्लीचं काय केलं असेल हे मला झोपताना आठवायचं. मग मंगळवारी ती म्हणाली, 'आज यायचंच. आणि तो काळा जरीकाठी अंगरखा घाला.' मी विचारलं, 'अंगरखा कशाला? कोणाचं लग्न आहे का?' ती खोकली. मला वाटलं धूळ असेल.

तिथे पोचल्यावर मोकळ्या पटांगणात गाडी लावली आणि उतरून इकडेतिकडे पाहिलं. मशिदीचा बुटका मिनार उजव्या हाताला. समोर खाडी. डोक्यावर हाजी अब्दुलकरीमांच्या घराचा वाऱ्याचा बुरूज. म्हणजे मी उभा होतो ती जागा कोणती? दादा, आपली झोपडी! हाजींचं घर दगडाचं, म्हणून जपून ठेवलं. आपलं खजुरीच्या झावळ्यांचं, ते कोण जपणार? तिथे आता गाड्या लागतात. माझ्या गाडीची पुढची चाकं आई भाकरी भाजायची तिथे आली होती आणि मागची बकरीच्या जागेवर. मी मुकाट पार्किंगच्या यंत्रात पैसे टाकले आणि चिठ्ठी काचेला लावली. एवढी वर्षं त्या घरात राहिलो, भाडं भरलं ते त्या दिवशी. वाईट वाटलं का? वाटलं. पण सांगायला जवळ कोणी नव्हतं, म्हणून बकरीच्या जागेवर जरा वेळ उभा राहिलो आणि मग आत गेलो.

आत गंमतच गंमत आहे. गल्ल्या त्याच, पण भिंती अशा गुळगुळीत की आपण पाठ घासली असती तर खाज गेली नसती. वास नाही. मासळी सुकवायचो त्या ओट्यावर उंटाच्या दुधाचं आइस्क्रीम विकतात. (खाल्लं. चांगलं आहे. साखरेचं डॉक्टरांना सांगू नकोस.) मांजरं मात्र तीच. म्हणजे त्यांची पणतवंडं असतील, पण बघायची तऱ्हा तीच, जणू आपणच त्यांच्या घरात भाड्याने राहतोय. मी प्रत्येक दार ढकलून पाहिलं, प्रत्येक खुंटीला हात लावला, एका रांजणात डोकं घालून हाकही मारली. रखवालदार मागे मागे फिरत होता. शेवटी म्हणाला, 'बाबा, हात लावायचा नसतो.' मी म्हटलं, 'बाळा, याच रांजणात एकदा माझा भाऊ पडला होता.' तो म्हणाला, 'हा रांजण नवा आहे.' मी पुढचं दार ढकललं.

एका खोलीत मोती काढणारा पाणबुड्या उभा केला आहे, प्लास्टरचा. नाकाला चिमटा, गळ्यात टोपली, सगळं बरोबर. पण त्याला पोट आहे! मिजरनमामा समुद्रावरून परतायचा तेव्हा आई त्याच्या फासळ्यांवरून हात फिरवून रडायची, आठवतं? या गड्याला बघून वाटतं, समुद्राच्या तळाशी कोणीतरी खानावळ चालवत असावं. मी त्याच्या पोटाला बोट लावलं तर घंटा वाजायला लागली. रखवालदार पुन्हा आला. आता आमची ओळख झाली होती. त्याने नुसती मान हलवली.

मग बुरुजाखालची ती खोली. दादा, ती तशीच आहे. वरून वारा येतो, भिंतीवरून उतरतो आणि मानेवर बसतो. उन्हाळ्याच्या दुपारी आपण हाजींच्या मागच्या दिंडीदरवाजातून चोरून शिरायचो आणि तिथे झोपायचो, ते सगळं आठवलं. तू मासे साफ करायच्या सुरीने दिंडीची कडी उघडायचास. (ही तुझी बहादुरी तू माझ्या मुलांना, नातवांना आणि अल ऐनच्या निम्म्या लोकांना सांगितली आहेस. तिच्याबद्दल पुढे थोडं लिहायचं आहे, धीर धर.) तिथे मातीची दोन माणसं गालिच्यावर बसवली आहेत, हुक्का पुढ्यात. मी त्यांच्या शेजारी टेकलो, पाठ भिंतीला लावली, वारा मानेवर आला आणि डोळा लागला. जाग आली ती बोलण्याने. एक परदेशी बाई माझ्या नाकापाशी नाक आणून नवऱ्याला सांगत होती की बाकीच्या दोघांपेक्षा हा फार हुबेहूब केला आहे, अगदी कानातले केससुद्धा. मी शिंकलो. बाईने जी किंकाळी फोडली ती तुला यंत्राशिवाय अल ऐनला ऐकू आली असेल.

या गोंधळात अफ्रा धावत आली. मला वाटलं आता रागावणार, पण तिचं लक्षच नव्हतं. हाताला धरून थेट बैठकीत घेऊन गेली आणि मुख्य जागी, हाजींच्या तक्क्याशी बसवलं. म्हणाली, 'आजोबा, आज यजमान तुम्ही. पाहुण्यांना आपली कॉफी दाखवायची आहे.' मी, झोपडीतला गानिम, हाजी अब्दुलकरीमांच्या तक्क्याला टेकून! मी अंगरखा सारखा केला. छाती आपोआप पुढे आली. (अहंकार वाईट, हे मलाही कळतं. पण तक्क्या फार मऊ होता.)

पाहुणे गोल बसले. अफ्राने डाव्या हातात कॉफीदाणी, उजव्यात बिनकानाचे चिमुकले कप घेऊन वाढायला सुरुवात केली आणि मी पाहुण्यांना रीत समजावली. आधी यजमान पितो. मग पाहुणा. बस झालं की कप हलवायचा, न हलवला तर वाढणारा वाढतच राहणार. एका लालबुंद जर्मन गृहस्थांच्या हे ध्यानात आलं नाही, ते बिचारे पीत राहिले, अफ्रा ओतत राहिली, आणि डोळे पार कपाळात गेल्यावर त्यांच्या बायकोने त्यांचा हात धरून हलवला. सगळे हसले. मी रंगात आलो. म्हटलं, आणखी एक रीत सांगतो. पाहुण्याला काही मागायचं असेल तर तो तोंडाने बोलत नाही. भरलेला कप समोर ठेवतो आणि पीत नाही. मग यजमानाने म्हणायचं, पी, तुझं काम झालं. ते म्हणेपर्यंत तो पिणार नाही, आणि न पिता उठून गेला तर त्या घराची अब्रू गेली.

हे सांगतोय तोच पाहतो तर काय, कोपऱ्यात एक पोरगा बसलेला, आणि त्याच्यापुढे भरलेला कप तसाच. जीन्स, उलटी टोपी, पाठीला पिशवी. मला वाटलं असेल तुर्कस्तानचा नाहीतर स्पेनचा, कडू लागली असेल. मी त्याच्याशी इंग्रजीत बोललो, म्हणजे मोठ्याने ओरडून. (बहिऱ्याशी बोलायचा मला तुझ्यामुळे सराव आहे.) 'ड्रिंक! गुड! नो शुगर!' तो मान खाली घालून बसला. मी पुन्हा ओरडलो. तो हलेना. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की अफ्राने याला आधी शिकवून ठेवलं असणार, खेळातला हा पुढचा भाग असणार. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि दादा, तक्क्या, अंगरखा आणि एवढे साक्षीदार असले की माणूस कंजूषपणा करत नाही. मी हात उंच केला आणि आपल्या भाषेत, वडील म्हणायचे तसं, खणखणीत म्हणालो, 'पी बाळा! जे मागायला आलास ते दिलं!'

टाळ्या पडल्या. पोराने कप उचलला, एका घोटात संपवला, हलवला, अफ्राला परत दिला. टोपी काढली. उठून माझ्यापुढे आला, वाकून माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं, आणि तुझ्यामाझ्यासारख्या स्वच्छ खाडीकाठच्या बोलीत म्हणाला, 'अल्लाह तुमचं भलं करो, काका. मी शहाब. हाजी अब्दुलकरीमांचा नातू. माझ्या आजोबांच्या घरात आज मी पाहुणा आणि तुम्ही यजमान आहात. तुमच्या अफ्राला मागायला आलो होतो. तुम्ही दिलीत, मी प्यालो.'

मला खूप काही बोलायचं होतं. नव्या दातांतून नुसती शिटी वाजली. पुन्हा टाळ्या पडल्या. ती मघाची बाई अफ्राला विचारत होती, हा खेळ संध्याकाळीही असतो का.

पाहुणे गेल्यावर मी अफ्राला गाडीपाशी नेलं. बकरीच्या जागेवर उभी करून विचारलं, 'हे काय केलंस?' ती म्हणाली, 'आजोबा, घरी विचारलं असतं तर काय म्हणाला असता?' मी म्हणालो, 'नाही म्हणालो असतो! हारिब आहे!' ती म्हणाली, 'म्हणून तर कप ठेवला.' मी म्हणालो, 'आजोबाला फसवतेस?' आणि मग तिचा चेहरा बघितला. दादा, ती हसत नव्हती. म्हणाली, 'हारिब चांगला आहे. पण त्याचा माझा एकाच ताटात जेवताना मारामारी करण्याइतका जुना संबंध आहे. त्याला मी नवरा कसा म्हणू? तुम्ही नाही म्हणा, मी अल ऐनला जाईन, रडणार नाही. पण मला एकदा तुमच्या तोंडून हो ऐकायचं होतं. खोटं का होईना.' आणि हे बोलताना तिने सैफसारखी ओठाची डावी बाजू चावली. मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट थोडा अभिमानच वाटला, हे कबूल करतो. माझ्या घरात इतकी चलाख माणसं याआधी झाली नाहीत.

शहाब जरा लांब उभा होता. मी त्याला बोलावलं आणि शेवटचा हल्ला म्हणून सुनावलं, 'तुझ्या आजोबांच्या घरात आम्ही लहानपणी चोरून शिरत होतो, ठाऊक आहे का? माझा भाऊ सुरीने दिंडीची कडी काढायचा!' तो अवघडला. अफ्राकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, 'काका, त्या दिंडीला उन्हाळ्यात कडी लावत नसत. आजोबांची ताकीद होती. म्हणायचे, पलीकडच्या झोपड्यांतली पोरं दुपारी येतात, दार उघडं राहू द्या आणि कोणी त्या खोलीत जाऊ नका, पोरं लाजतील.' दादा, मी तिथेच गाडीच्या बॉनेटवर बसलो. आपण इतकी वर्षं ज्या घरात चोरून शिरलो म्हणून मिरवलो, त्या घराने आपल्याला इतकी वर्षं झोपू दिलं होतं. (तुझी सुरी कशावर चालत होती, हे तूच आठवून बघ.)

मी पोराला एवढंच सांगितलं, 'दिलं ते दिलं. शब्द मी फिरवत नाही. पण माझ्याकडे देण्यासारखं अर्धंच आहे. अर्धं अल ऐनला आहे. पहिला हक्क घरच्या मुलाचा, आणि तो बुत्तीदादाने सोडल्याशिवाय तुझ्या कॉफीला अर्थ नाही.'

आता मी तुझ्याकडे काही मागत नाही. हक्क तुझा, तू मोठा, पाळण्याची दोरी तुझ्या हातात होती. तू नाही म्हणालास तर अफ्रा अल ऐनला येईल, मी हाजींच्या नातवाला तोंड दाखवणार नाही आणि त्या गल्लीत पुन्हा पाऊल टाकणार नाही. केवळ एक मोहल्ला बघून आलो, त्याची हकिगत तुला कळवावी, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच. वहिनींना सलाम, लहानांना पापा, घझालाला माझ्यातर्फे मूठभर बार्ली.

तुझा धाकटा, शिटीवाला,
गानिम

ता. क. पत्र आणणाऱ्याला तू ड्रायव्हर समजला असशील. आज त्याने जीन्स घातलेली नाही, मी स्वतः त्याला पांढरा झगा चढवून पाठवला आहे. पत्र लांबलं आहे आणि तू एका डोळ्याने वाचतोस, त्यामुळे त्याच्यापुढची कॉफी एव्हाना गार झाली असेल. मान वर करून बघ, प्याला आहे का?

ता. क. दुसरा. आता त्याच्या शेजारी बघ. हारिब कधी नव्हे तो तुझ्या बैठकीत इतका वेळ बसला आहे, याचं तुला आश्चर्य वाटलं नाही? त्याचाही कप भरलेला असेल. दादा, घझालाचा खोकला केव्हाच थांबला आहे, हे तुझ्याशिवाय अल ऐनमध्ये सगळ्यांना माहीत आहे. तरी ती पशुवैद्य मुलगी दर आठवड्याला येते, आणि हारिब दर आठवड्याला त्या सांडणीला आडोशाला नेऊन मिरीची पूड हुंगवतो. पोरगा तुला घाबरतो म्हणून बोलत नाही. त्या मुक्या जनावरावर तरी दया कर.

ता. क. शेवटचा. मीही इथे कप भरून समोर ठेवणार आहे आणि तुझा फोन येईपर्यंत पिणार नाही. तुला ठाऊक आहे, कॉफीशिवाय माझं डोकं किती ठणकतं. यंत्र खणातच राहू दे, ऐकायचं काही नाही. तू फक्त फोन लाव. मी काय म्हणेन ते म्हणेन, तू नेहमीसारखं 'अल्हम्दुलिल्लाह' म्हण. या वेळी मी तो होकारच धरणार आहे.